आईचं वॉशिंग मशीन विकणे आहे

पन्नाशी उलटल्यावर स्पॅनिश शिकायचं खूळ डोक्यात कुठून आलं, असं नेल्डा कांतूला कुणी विचारलं तर ती आढेवेढे घेत नाही. "रागातून," म्हणते. लोकांना हे उत्तर आवडत नाही. त्यांना मुळं, संस्कृती, आजीच्या हातची चव असलं काहीतरी ऐकायचं असतं. नेल्डानं आजी पाहिलेली नाही, आणि मुळं म्हणाल तर ती तिच्या आईनं स्वतःच्या हातानं उपटून परसात फेकली होती. उरला राग. तो मात्र भरपूर होता, आणि सकाळी डोळे उघडले की हाताशी असायचा.

पालोमासच्या दवाखान्यात नेल्डा खिडकीवर बसते. येणाऱ्याचं नाव विचारायचं, काय होतंय ते विचारायचं, आत पाठवायचं. इथे दक्षिण टेक्ससमध्ये खिडकीशी येणारी निम्मी माणसं नेल्डासारखीच दिसतात. तोच गव्हाळ वर्ण, तीच गालफडं, तेच काळेभोर केस. त्यामुळे ती येतात, नेल्डाचा चेहरा पाहून सुटकेचा श्वास टाकतात आणि धो धो स्पॅनिश बोलायला लागतात. मग नेल्डाला हात वर करून इंग्रजीत म्हणावं लागतं, "एक मिनिट हं, केल्सीला बोलावते."

केल्सी म्हणजे नेब्रास्काहून आलेली सोनेरी केसांची पोरगी. कॉलेजात असताना सहा महिने स्पेनला राहून आली होती. मुलगी भली, इतकी भली की तिचा राग करायचीसुद्धा सोय नव्हती. ती स्पॅनिश बोलायला लागली की डॉक्टर आतून बाहेर येऊन कौतुकानं ऐकत. दोन भाषा येतात म्हणून तिला पगाराबरोबर जादा पैसे मिळायला लागले, तेव्हा सगळ्यांनी केक कापला. नेल्डानंही खाल्ला. केल्सीला येतं म्हणजे हुशारी. नेल्डाला येत नाही म्हणजे पाप. आणि समजा नेल्डाला येत असतं, तर कुणी केक आणला असता? छे! 'त्यात काय, तुम्हाला येणारच,' म्हणाले असते.

एके दिवशी एक म्हातारा बायकोला घेऊन आला. बायकोचा पाय सुजलेला. त्यानं टोपी काढली, खिडकीशी वाकला आणि अदबीनं सगळी हकिकत सांगायला लागला. नेल्डानं हात वर केला, केल्सी आली, आणि तिनं पायाची चौकशी सुरू केली. म्हातारा नेल्डाकडे बघत बायकोला काहीतरी म्हणाला. बायको तोंडावर हात धरून हसली.

ते आत गेल्यावर नेल्डानं विचारलं, "काय म्हणाला गं तो?"

"काही नाही," केल्सी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

"केल्सी."

"म्हणाले की... कपाळावर निवडुंग उगवलाय, आणि बोलायला हिला गोरी लागते." आणि मग ती भली पोरगी समजावूनही सांगायला लागली, "म्हणजे बोलायची पद्धत आहे ती. चेहऱ्यावरून मेक्सिकन दिसतेस, पण—"

"कळलं," नेल्डा म्हणाली.

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हाताऱ्याचा राग आलाच, पण त्याहून जास्त राग आला तो ह्याचा, की तिला दिलेली शिवी तिलाच दुसरीकडून भाषांतर करून घ्यावी लागली. शिवी तरी थेट मिळावी की नाही माणसाला!

ती तशीच तणतणत घरी गेली. नवऱ्याशी काडीमोड झाल्यापासून ती आईच्याच घरी राहत होती. आई एलोईसा, वय अठ्ठ्याहत्तर, तव्यावर तोर्तिया शेकत होती. दारावरच्या टपालपेटीवर मात्र 'लुईस कांतू' असं नाव होतं. हे लुईस शाळेतल्या बाईंनी ठेवलेलं. एलोईसा म्हणताना त्यांची जीभ अडखळायची म्हणे.

"मॉम, मला स्पॅनिश शिकव," नेल्डा म्हणाली.

"कशाला?" आईनं इंग्रजीत विचारलं. आई नेल्डाशी जन्मभर इंग्रजीच बोलत आली होती.

"लोक हसतात मला."

"हसू देत. मला मारायचे. हसण्यानं वळ उठत नाहीत."

ती गोष्ट नेल्डाला पाठ होती. सात वर्षांची एलोईसा शाळेत मैत्रिणीशी स्पॅनिश बोलली. बाईंनी फळ्यावर खडूनं एक वर्तुळ काढलं, तिच्या नाकापेक्षा चार बोटं वर, आणि तिला टाचा उंच करून त्या वर्तुळात नाक टेकवून उभं केलं. टाच टेकली की पायावर पट्टी. हे एकदा नाही, वर्षभर. त्या शाळेतून बाहेर पडताना तिनं ठरवलं होतं, माझ्या पोराबाळांच्या तोंडात ही भाषा जाऊच द्यायची नाही. आणि एलोईसा जे ठरवी ते करी.

म्हणून ह्या घरात स्पॅनिश होती ती फक्त बंद दाराआड. चायो मावशी आली की स्वयंपाकघराचं दार लागायचं आणि आत हसण्याखिदळण्याचा नुसता धबधबा. छोटी नेल्डा दाराला कान लावून उभी असायची. नाताळच्या आधी सगळ्या बायका तामाले करायला जमत, तेव्हा टेबलाभोवती बसून पीठ थापायचा मान मोठ्यांचा आणि बाहेर नळाखाली मक्याची पानं धुवायचं काम पोराटोरांचं. नेल्डा पन्नास वर्षांची घोडी झाली तरी पानंच धूत होती. आत बसली असती तर सगळ्यांना गप्पा इंग्रजीत कराव्या लागल्या असत्या, आणि त्यात कुणालाच मजा आली नसती.

"तुझ्या इंग्रजीत कुणाला बोट ठेवायला जागा आहे का?" आई म्हणाली. "ते मी केलंय. आभार मानायचे सोडून तोंड वर करून विचारतेस?"

"अर्ध्या गावाशी मला बोलता येत नाही, मॉम. तेही तूच केलंयस."

आईनं तोर्तिया उलटली आणि पाठ फिरवली. विषय संपला.

ठीक आहे, नेल्डानं ठरवलं. नाही ना शिकवत, मी शिकते. तुझ्या नाकावर टिच्चून शिकते.

आधी तिनं फोनवर एक फुकटचं ॲप घेतलं. ते तिला रोज सांगायचं की मुलगा सफरचंद खातो. मुलगी सफरचंद खात नाही. पालोमासमध्ये आजवर कुणी कुणाला सफरचंदाबद्दल काही विचारलेलं नाही. मग वाचनालयातून सीडी आणल्या. त्यातला माणूस माद्रिदमध्ये उतरला होता आणि सारखं वस्तुसंग्रहालय कुठे म्हणून विचारत होता. पालोमासमध्ये एक पाण्याची टाकी आहे आणि ती कुठूनही दिसते. नेल्डानं ती सीडी गाडीच्या खिडकीतून बाहेर भिरकावली आणि रागारागानं रेडिओचं बटण फिरवलं.

तिथे डॉन चेमाचा 'हवेतला बाजार' लागला होता.

हा कार्यक्रम पालोमास परिसरात कुणाला सांगावा लागत नाही. सकाळी लोक फोन करतात आणि काय विकायचंय ते सांगतात. बकरी, जुने टायर, लग्नातला एकदाच घातलेला झगा. कार्यक्रम चालवणारा चेमा त्रेविन्यो, ज्याला सगळे मानानं 'डॉन' लावतात, प्रत्येकाला ठरलेले प्रश्न विचारतो. काय विकताय, कसं आहे, का विकताय, नंबर सांगा. आणि ह्या बाजाराचा एक कायदा आहे. कुणी मालाबद्दल थाप मारली तर शेजारीपाजारी लगेच फोन करून ती उघडी पाडतात. "ती बकरी दूध देत नाही, डॉन चेमा, लाथ देते." मग चेमा विकणाऱ्याला विचारतो, "खरं की खोटं?" आणि विकणाऱ्याला हवेवरच, सगळ्यांच्या कानांदेखत उत्तर द्यावं लागतं. खोटं बोलून सुटता येत नाही, कारण ऐकणाऱ्यांतले निम्मे सोयरे असतात.

नेल्डाला ही शाळा मानवली. रोज तेच प्रश्न, तशीच उत्तरं. फोन नंबर लोक सावकाश आणि दोनदा सांगत, त्यामुळे आकडे आधी पक्के झाले. मग 'चालतं', 'गळतं', 'गंजलंय', 'वर्षभरच वापरलंय'. पिकअपमध्ये एकटी बसून ती मोठमोठ्यानं म्हणायची, "टायर चार आहेत, दोन बरे आहेत." तुला बरं वाटतंय का, हे विचारायला येण्याआधी तिला टायर विकता यायला लागले.

सहा-आठ महिन्यांनी तिनं धीर करून चायो मावशीशी चार वाक्यं बोलून पाहिली. मावशी खुर्चीतून पडायची राहिली.

"अगं बया! ही बघा, बकऱ्या विकायला निघाली! पोरी, तू माझी विचारपूस करतेयस की भाव काढतेयस?"

नेल्डाही हसली. मावशीचं हसणं चालत होतं, कारण हसून झाल्यावर मावशी स्पॅनिशमध्येच पुढे बोलली.

आईचं तसं नव्हतं. नेल्डा स्पॅनिशमध्ये विचारायची, "कॉफी देऊ?" आई इंग्रजीत म्हणायची, "दूध घालू नकोस." नेल्डा विचारायची, "पाय दुखतो?" आई इंग्रजीत म्हणायची, "उगाच तोंड वेडंवाकडं करू नकोस, गोऱ्या बाईसारखं वाटतं." नेल्डानं शंभरदा दार ठोठावलं असेल, आणि आईनं शंभरदा आतून कडी घातली. नेल्डाला आईकडून धडे नको होते, कौतुकही नको होतं. आईनं तिला एक उत्तर द्यावं, दूध घाल किंवा घालू नको, पण त्या भाषेत द्यावं, एवढंच तिला हवं होतं. आणि ते मिळत नव्हतं म्हणून ती दातओठ खात दिवस काढत होती.

मग एका सकाळी ती चष्मा विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आली. मागच्या अंगणातून येताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईचा आवाज ऐकू आला. आई हसत होती. स्पॅनिशमध्ये कुणाशी तरी तावातावानं बोलत होती. चायो मावशी आली असेल म्हणून नेल्डानं डोकावून पाहिलं.

आत कुणी नव्हतं. टेबलावर छोटा रेडिओ होता, बाजार चालू होता, आणि आई रेडिओशी भांडत होती. "त्या खटाऱ्याचे एवढे पैसे? लाज नाही वाटत, मेल्या? चेमा, विचार त्याला ब्रेक लागतात का! विचार, विचार!" हातवारे करत होती, डोळे पुसून हसत होती. नेल्डानं आपल्या आईला असं हसताना कधी पाहिलंच नव्हतं, फक्त दाराबाहेरून ऐकलं होतं.

दोघी एकाच शाळेत जात होत्या तर! नेल्डा गाडीत, आई स्वयंपाकघरात, तोच चेमा, त्याच बकऱ्या. ह्या बाईला कुठल्याशा टायरवाल्याशी बोलायला शब्द होते, लाकडाच्या खोक्याशी बोलायला शब्द होते. पोटच्या पोरीसाठी तेवढा तुटवडा होता.

नेल्डा चष्मा न घेताच गाडीत जाऊन बसली. दवाखान्याच्या मागच्या बाजूला गाडी लावली, रेडिओ चालू असतानाच फोन लावला, आणि फोन लागलासुद्धा.

"रेडिओ बंद करा, बाई, शिट्टी येते," डॉन चेमा म्हणाला. "हं, बोला. काय विकताय?"

नेल्डाची स्पॅनिश हवा धरलेल्या नळासारखी थांबत थांबत यायला लागली.

"विकते मी... वॉशिंग मशीन. एक. जुनं. वर पिळायचा रूळ आहे. चालते. थोडं गळते."

हे मशीन पालोमासमधल्या जुन्या लोकांना ठाऊक होतं. मागच्या ओसरीवर उभं असायचं, पांढरं, चार पायांचं. नवं मशीन येऊन कैक वर्षं झाली तरी आई त्याला कुणाला हात लावू देत नसे. दर शनिवारी पुसायची. घरात आईचा जीव कशात अडकलाय हे नेल्डाला पक्कं माहीत होतं, आणि तिनं नेम धरून तेच निवडलं होतं.

"का विकताय?" चेमानं नेहमीसारखं विचारलं.

उत्तर तयार होतं. नवीन घेतलंय म्हणून. हे वाक्य तिनं शेकडो वेळा ऐकलं होतं. पण तोंडातून दुसरंच निघालं.

"माझी आई माझ्याशी बोलत नाही म्हणून."

चेमानं आजवर लग्न, मरण, बदली, सगळी कारणं ऐकली होती. हे नवीन होतं. "भांडण झालंय का, बाई?"

"नाही. आई मला इंग्रजी बोलते. रेडिओला स्पॅनिश बोलते. तुम्हाला बोलते, रोज. मशीन आईचं आहे. मी विकते. फुकट. जो येईल, त्याला." आणि तिनं घरचा नंबर सांगितला. नंबर मात्र एका दमात, एकही चूक न करता, दोनदा.

"थांबा थांबा," चेमा म्हणाला, "दुसऱ्या लाईनवर कुणीतरी तडफडतंय. बोला, आपण हवेवर आहात."

"ते मशीन विकायचं नाहीये!" आईचा आवाज आला. "चोरीचा माल विकायला बसलायत का तुम्ही तिथे?"

"नाव सांगा, बाई. नाव सांगितल्याशिवाय आपल्याकडे बोलता येत नाही."

मग ती म्हणाली, "एलोईसा. एलोईसा कांतू."

नेल्डानं आईच्या तोंडून हे नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. टपालपेटीवर लुईस, चर्चच्या वर्गणीच्या पाकिटावर लुईस, बँकेत लुईस.

आईला फोन ठेवून देता आला असता. पण ठेवला असता तर मशीन गेलं असतं, आणि थाप तशीच राहिली असती. आणि चेमाच्या बाजारात इंग्रजी कुणी बोलत नाही. बाई बरोबर सापडली होती.

"अमा," नेल्डा म्हणाली. आजवर तिनं आईला मॉम म्हटलं होतं. अमा ही बाकीच्यांची आई.

"अमा नको आणि बिमा नको! कामाच्या वेळी हे धंदे? सगळ्या गावासमोर माझी अब्रू काढतेस? आणि काय गं, माझं मशीन गळतं? कधी गळलं? सांग ना, कधी गळलं?"

आई स्पॅनिशमध्ये ओरडत होती. तिच्यावर. नेल्डाला शब्द न् शब्द कळत होता, आणि तिचा राग कमी व्हायच्या ऐवजी उसळून वर आला.

"मी शिकले. एकटी. गाडीत. तू रेडिओला म्हणते, बकरी महाग. मला काय म्हणते? 'इंग्रजीत बोल.' मी परकी? मी टायरवाल्यापेक्षा परकी?"

"तुला मार पडू नये म्हणून केलं मी ते! तुला काय माहीत मार म्हणजे काय!"

"माहीत आहे. मला मार पडला."

"कुणी मारलं तुला? कुठल्या बाईनं? नाव सांग!"

"तू."



"मी चार वर्षांची," नेल्डा म्हणाली. तिच्याकडे भूतकाळ नीट नव्हता, बाजारात तो फारसा लागत नाही. त्यामुळे ती सगळं आत्ता घडत असल्यासारखं सांगत गेली. "चायो मावशी मला शब्द देते. अग्वा. मी पळत येते. तुझ्या हातात हिरवा मग आहे, पत्र्याचा. मी म्हणते, अग्वा. तू म्हणते, ऐकू येत नाही. मी मोठ्यानं म्हणते, अग्वा. तू तोंडावर मारते. मगात पाणी भरलेलं आहे. मला देत नाही. शाळा नाही मारत, अमा. शाळेत मी अजून जात नाही. तू मारते. पाण्यासाठी."

हवेतल्या बाजारात त्या सकाळी सगळ्या बकऱ्या, टायर आणि झगे गप्प बसले होते. डॉन चेमाला पुढे काय करायचं ते सुचेना. इतक्या वर्षांची सवय जिभेवर होती, तीच त्याच्या मदतीला आली.

"दोन्या एलोईसा," तो अदबीनं, हळूच म्हणाला, "खरं की खोटं?"

चायो मावशी ऐकत होती. दवाखान्यातल्या बाकांवर बसलेली माणसं ऐकत होती. पालोमासमधली स्वयंपाकघरं ऐकत होती.

"खरं," आई म्हणाली आणि तिनं फोन आपटला.

नेल्डा दवाखान्यात शिरली तेव्हा बाकांवरची माणसं जमिनीकडे बघत होती. केल्सीला सगळं कळलेलं होतं, पण ह्या वेळी तिनं काही समजावून सांगितलं नाही. "मी बसते खिडकीवर, तू घरी जा," एवढंच म्हणाली. नेल्डाला तिच्याबद्दल पहिल्यांदाच जरा जिव्हाळा वाटला, आणि त्याचाही राग आला.

आई मागच्या ओसरीवर मशीनच्या शेजारी उलट्या बादलीवर बसली होती. मशीनला एक हात लावून. नेल्डाला पाहताच ती वसकन अंगावर आली, आणि आली ती स्पॅनिशमध्येच. आता बंद करायला दारच उरलं नव्हतं.

"आलीस? समाधान झालं? हे मशीन विकणार होतीस तू? ह्याच्यावर मी गोऱ्या बायकांच्या चादरी धुतल्यात, हात सोलवटून घेतलेत, तू शाळेत स्वच्छ कपड्यांत जावीस म्हणून! घाणेरडे मेक्सिकन म्हणायचे आम्हाला. तुला कुणी म्हणालं? म्हणालं कुणी?"

"नाही," नेल्डा म्हणाली. "मला निवडुंग म्हणाले."

"मग म्हणू देत! निवडुंगच आहेस! काटेच आहेत नुसते! आणि हो, मारलं मी. मला वाटलं, मी एकदा मारलं की पुढचे सगळे वाचतील."

"वाचले नाही."

"ते आता मला कळतंय का! तेव्हा कोण होतं सांगायला? कुणाला विचारणार होते मी?" आईचा आवाज फाटला. "आणि मग तू मोठी झालीस, फाडफाड इंग्रजी बोलायला लागलीस, अगदी त्या बाईंसारखं. मला तुझीच भीती वाटायची. घरात शाळेतली बाई आणून ठेवल्यासारखं वाटायचं मला! तुझ्यापुढे तोंड उघडायचं म्हणजे टाचा वर कराव्याशा वाटायच्या!"

हे नेल्डाला माहीत नव्हतं. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण बाजारात ह्यासाठी शब्द नसतात.

आई आणखी काही बोलायला गेली आणि तिला ठसका लागला. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. तिनं हात पुढे केला.

"अग्वा," ती म्हणाली.

नेल्डानं आत जाऊन नळाखाली ग्लास भरला. परत आली. आईचा हात तसाच पुढे होता. आणि नेल्डाच्या मनात आलं, म्हणावं, ऐकू येत नाही. म्हणावंच. एकदा. ती भरलेला ग्लास हातात धरून उभी राहिली.

आईनं वर पाहिलं. नेल्डा का थांबलीय ते तिला कळलं, आणि तिनं हात मागे घेतला नाही.

"अग्वा, पोरी," ती पुन्हा म्हणाली. हळूच. मारलंस तरी चालेल, अशा आवाजात.

नेल्डानं ग्लास तिच्या हातात कोंबला. अर्धं पाणी आईच्या मांडीवर सांडलं. दोघींपैकी कुणीही माफी मागितली नाही.

आई पाणी पीत असतानाच आत फोन वाजला. वाजतच राहिला. आई ग्लास घेऊन तशीच उठली, ओल्या झग्यानिशी आत गेली आणि फोन उचलला. नेल्डाला दारातून पलीकडच्या पुरुषाचा आवाज ऐकू येत होता. मशीन अजून आहे का, विचारत होता.

"मला काय विचारता?" आई स्पॅनिशमध्ये त्याच्यावर खेकसली. "जाहिरात माझ्या मुलीनं दिलीय. तिच्याशी बोला." तो काहीतरी म्हणाला. आईनं नेल्डाकडे पाहिलं, अजूनही रागानंच. "हो, हो, येतं तिला. येतं म्हणजे काय! बोला तुम्ही."

आणि तिनं फोन नेल्डासमोर धरला. नेल्डानं तो घेतला. तिला पाठ असलेलीच वाक्यं तिनं म्हटली.

"मशीन विकायचं नाही," ती म्हणाली. "चालते. थोडं गळते."

"गळत नाही म्हणून सांग त्याला!" आई मागून ओरडली.